आकड्याऐवजी दोन रेघा

"तुझ्याकडे आकडा आहे तोवर सगळे तुझं ऐकतील, पोरी. ज्या दिवशी आकडा नसेल, त्या दिवशी तुलाच झटकतील. आणि नेमक्या त्याच दिवशी तू सगळ्यात खरं बोलत असशील."

असं मला रक्तदाब मोजायच्या जुन्या पट्ट्याने सांगितलं होतं. मी तेव्हा कोरी करकरीत होते आणि तो कडेला उसवलेला. नव्याने आलेल्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय म्हाताऱ्यांना चैन पडत नाही, असं मनाशी म्हणून मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. मित्रांनो, तो पट्टा आता नाही. पण त्याचं ते बोलणं मात्र मला अजून धड बसू देत नाही.

मी एक जुनी क्लिप आहे, बोटाला लावायची. मोठी माणसं मला ऑक्सिमीटर म्हणतात. माझं तोंड उघडायचं, बोट आत सरकवायचं आणि सोडून द्यायचं, की मी ते हलकेच धरते. माझ्या टाळूला एक लाल दिवा आहे आणि खालच्या जबड्यात एक डोळा. दिव्याचा उजेड बोटातून आरपार जातो आणि डोळा तो टिपतो. हृदयाचा ठोका पडला की रक्त बोटाच्या टोकापर्यंत धावत येतं, दारावर थाप मारतं आणि परत फिरतं. ती थाप मोजायची आणि त्या रक्तात प्राणवायू किती भरला आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामातही मला कधी निवांतपणा मिळाला नाही. एक थाप मोजून होते न होते तोच मी पुढच्या थापेची वाट बघू लागते. येईल ना? आली. आता पुढची? स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते खोटं नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या खोलीत झाला. टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसून आमचे जबडे जोडत, स्प्रिंग बसवत. ओळीच्या टोकाला तपासणीची बाई असे. प्रत्येक क्लिप ती स्वतःच्या बोटाला लावून बघायची. माझी पाळी आली तेव्हा शेजारची तिला म्हणाली, "आज तुझी नाडी फारच पळतेय गं."

"पोराला पाळणाघरात रडत ठेवून आलेय," ती म्हणाली. "ते गप्प झालं असेल का, तेवढंच डोक्यात आहे."

म्हणजे बघा, मी मोजलेली पहिली थाप एका काळजीत पडलेल्या आईची होती. माझ्या स्वभावात जी धाकधूक आहे, ती बहुधा तिथूनच आली असावी.

तिथून मी खोक्यात बसून निघाले आणि एका रुग्णवाहिकेच्या निळ्या पिशवीत येऊन पडले. पिशवीत रक्तदाबाचा पट्टा होता, थर्मामीटर होता, कात्री होती, चिकटपट्ट्या होत्या. गाडीवर दोन माणसं होती. एक सिस्टर, तिला सगळे ताई म्हणत. सडसडीत, भराभर बोलणारी, डबा उभ्यानेच खाणारी. दुसरे ड्रायव्हर, भोंगेकाका. एकदा गाडीचा भोंगा बंद पडला तेव्हा खिडकीतून डोकं काढून त्यांनी स्वतःच्या तोंडाने भोंगा वाजवत गाडी दवाखान्यापर्यंत आणली होती, तेव्हापासून त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. मला बघताच ते म्हणाले, "अरे वा, ही तर मगर. या मगरबाई, बसा." झालं, माझं बारसं उरकलं.

पहिली काही वर्षं माझी चंगळ होती. मग श्वासाच्या आजाराची मोठी साथ आली आणि माझा भाव एकदम वधारला. दारात गाडी थांबायच्या आत माणसं बोट पुढे करायची. "आकडा किती?" एवढंच सगळे विचारायचे. मी आकडा दाखवला की कुणी सुटकेचा श्वास टाके, कुणी मटकन खाली बसे. घराघरांत माझ्या बहिणी जाऊन पोचल्या. मला हळूहळू वाटू लागलं की माणूस म्हणजे आकडा आणि आकडा म्हणजे मी. मी नवी असताना पट्ट्याने ऐकवलेलं ते बोलणं मला याच दिवसांत एकदा आठवलं. मी मनातल्या मनात हसले होते.

साथ ओसरली. पुढच्या थंडीत आम्ही एका शिंपीमामांच्या घरी गेलो.

शिंपीमामा दुकानामागच्या खोलीत पलंगावर टेकून बसले होते. पायाच्या अंगठ्यात मोडकी सुई घुसली होती, ती काढून टाकून चार-पाच दिवस झाले होते. अंगठा सुजून लाल झाला होता. पण घरच्यांनी गाडी बोलावली ती अंगठ्यासाठी नाही. मामा सकाळपासून हवेत माप घेत होते. दोन्ही हातांत नसलेली टेप धरायचे, पुटपुटायचे, "बाही आखूड झाली, बाही आखूड झाली."

"झोपेत पण धंदाच," मोठा मुलगा हसत म्हणाला. "बाबा, गिऱ्हाईक गेलं घरी." सगळे हसले. ताईही थोडी हसली.

तिने मला त्यांच्या बोटाला लावलं. आयुष्यभर कापड चाचपलेलं खरखरीत बोट होतं ते, आणि बर्फासारखं गार. मी दिवा लावून वाट बघितली. थाप येईना. म्हणजे येत होती. पण इतकी पुसट, की लांबच्या गल्लीत कुणी दार वाजवावं तशी. नसलेलं सांगायची माझी रीत नाही. मी आकड्याच्या जागी दोन रेघा दाखवल्या.

ताईने मला झटकलं. दुसरं बोट बघितलं. सेल काढून घातले. मग मामांचा हात स्वतःच्या तळव्यांत चोळला. "थंडी किती आहे," ती म्हणाली, "मशीन तरी काय करणार." शेवटी तिने मला त्यांच्या कानाच्या पाळीला लावलं. तिथे मला थोडी ऊब मिळाली आणि मी आकडा दाखवला. आकडा चांगला होता.

"हं, आला," ताई म्हणाली, आणि खोलीतला प्रत्येक माणूस सैल झाला. काकांनीही गाडी बेताने हाकली. दवाखान्याला आधी कळवायला हवं असं कुणालाच वाटलं नाही. आपत्कालीन विभागात मामांना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं, कारण त्यांच्यापुढे हात मोडलेला एक मुलगा आणि पोटात दुखणाऱ्या एक बाई होत्या. मी पिशवीत होते. पिशवीच्या फटीतून मला त्यांची बोटं दिसत होती. ती अजून हवेत बाही मोजत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मला आवाज नाही, फक्त पडदा आहे.

शिंपीमामा गेले. ताईला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई तिला दाराशीच भेटल्या. केस पिकलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. त्या रागावल्या नाहीत.

"जंतू अंगठ्यातून रक्तात उतरले होते," त्या म्हणाल्या. "सेप्सिस. इथे आणेपर्यंत तो फार पुढे गेला होता, त्यात आमचा बाकावरचा वेळ गेला. मला एकच सांग, क्लिप आकडा देत नव्हती ना?"

"बिघडली होती, मॅडम. कानाला लावली तेव्हा चालली."

"मग बिघडली नव्हती."

ताईने पिशवीतून मला बाहेर काढलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"घरात चोर शिरले की माणसं अंगण सोडून आतल्या खोलीत गोळा होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शरीराचंही तसंच आहे. हृदय आणि मेंदू वाचवायला ते रक्त आत ओढून घेतं आणि बोटं उघड्यावर सोडतं. क्लिप तुला तेच सांगत होती, इथे रक्त येत नाहीये. आपण तिला आकडा विचारत राहिलो."

माझी मात्र त्यानंतर वाईट गत झाली. आठवडाभरातच कुणीतरी मला निरुपयोगी वस्तूंच्या खोक्यात टाकलं. तिथे मी एका फुटक्या टॉर्चच्या आणि कान तुटलेल्या स्टेथोस्कोपच्या संगतीत पडून राहिले. दिवा लावायला कुणी नाही, मोजायला थाप नाही. बाहेर गाडी निघाल्याचा आवाज आला की माझा जीव खालीवर व्हायचा. कुणाकडे निघाली असेल? त्याचं बोट गार असेल तर?

एके दिवशी खोक्याचं झाकण उघडलं. ताई होती. तिने मला उचललं, माझ्यावरची धूळ पुसली आणि खिशात टाकलं.

"नव्या क्लिपा आल्यात की ताई," काका म्हणाले. "या म्हातारीला कशाला?"

"असू दे. हिच्याशी माझं एक बोलणं अर्धवट राहिलंय."

पुढे ताई बदलली. आधी ती रुग्णापाशी पोचताच मला काढायची. आता ती आधी हात हातात घ्यायची. नखावर बोट दाबायची आणि सोडून बघायची, पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लावतंय. छातीकडे बघत श्वास मोजायची. बोलतं करायची. मग माझी पाळी. खरं सांगू का मित्रांनो, मी जरा हिरमुसलेच. पहिल्या पंगतीची मी, मला मागच्या पंगतीत बसवलं. पण रुसून बसायलाही वेळ लागतो, आणि तो गाडीवर कुणाकडेच नव्हता.

मग ती दुपार आली.

ऊन नुसतं भाजत होतं. फोन आला होता चार वर्षांच्या मुलीसाठी, तापात झटका आलाय म्हणून. अरुंद जिन्याने ताई धावत वर गेली, मागून पिशवी घेऊन काका. दारात आजी उभ्या होत्या, खांद्यावर कापडात गुंडाळलेलं अगदी नवं बाळ.

"या हो, लवकर या. पोरीने डोळे पांढरे केले, सगळं अंग ताठ. हातपाय गळाले आमचे."

आत पलंगावर ती पोर बसली होती. झटका येऊन गेला होता. गाल लाल, केस घामाने चिकटलेले, आणि सगळ्या जगावर राग. घरात तिला ठकू म्हणत होते. बाप ओला रुमाल हातात घेऊन उभा होता, तो कुठे ठेवायचा हे त्याला सुचत नव्हतं. आई पलंगाच्या कडेला बसून ठकूचा पाय चोळत होती. ठकूची आई, म्हणजे त्या नव्या बाळाचीही आई. बाळंतपण होऊन जेमतेम आठवडा झाला असावा.

ताईने ठकूला तपासलं. "लहान मुलांना तापात येतो असा झटका. आता शुद्धीवर आहे, आपल्याला ओळखतेय, हे चांगलं लक्षण. तरी दवाखान्यात दाखवून घेऊ. घसा दुखतो का गं?"

"घसा धरलाय तिचा," आजी म्हणाल्या. "बालवाडीतून घेऊन आली."

ताईने मला खिशातून काढलं. ठकूने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मला मगर नको."

"ही चावत नाही. नुसती चाटते."

"खोटं."

तेव्हा तिची आई म्हणाली, "आधी आईला लावा. बघ हं ठकू, आईला चावते का." आणि तिने हात पुढे केला.

तिचं बोट माझ्या तोंडात आलं आणि मी दचकले. खोलीत पंखा गरम वारा फेकत होता, काकांच्या शर्टाला घामाचा नकाशा उमटला होता, आणि हे बोट गार. मी दिवा लावला. थापेची वाट बघितली. लांबच्या गल्लीत कुणीतरी दार वाजवत होतं.

मी दोन रेघा दाखवल्या.

"मगरबाई उपाशी आहेत," काका दारातून म्हणाले. "सेल बदला ताई."

"रिमोटमधले काढून देऊ का?" बाप लगबगीने म्हणाला. काहीतरी करायला मिळालं म्हणून त्याला बरंच वाटलं.

"नखाला रंगबिंग असला तरी चालत नाही म्हणे हे," आजी म्हणाल्या. "पण हिने कुठला लावलाय. वेणी घालायला फुरसत नाही बाईला."

ताई माझ्या रेघांकडेच बघत होती. एवढ्यात ठकूने मागचा हात पुढे आणला. "आईला नाही चावली. आता मला."

ताईने मला ठकूच्या बोटाला लावलं. काय सांगू तुम्हाला, ते ऊन ऊन इवलं बोट आणि त्यात रक्ताची नुसती धावपळ. मी क्षणात आकडा दाखवला. तापामुळे नाडी पळत होती, पण प्राणवायू भरपूर होता.

"झालं, चालू झालं," बाप म्हणाला. "माझे सेल वाचले."

पण ताई आकड्याकडे बघत नव्हती. ती ठकूच्या आईकडे बघत होती. "तुमचं बोट पुन्हा द्या बरं."

"माझं कशाला? अहो, मला काही झालेलं नाही. तिच्याकडे बघा."

"द्या तर खरं."

पुन्हा तेच गार बोट. पुन्हा दोन रेघा. मला शिंपीमामांची ती खोली आठवली. आता ही मला झटकणार, सेल काढणार, हात चोळणार, मग कानाला लावणार. मी म्हणत होते, ताई, नको झटकूस. या वेळी थंडी नाहीये. या वेळी कुणावर ढकलशील?

ताईने मला काढलं, हलकेच खिशात ठेवलं आणि त्या आईचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. नख दाबलं. सोडलं. ते पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. मग अगदी सावकाश, नाइलाज असल्यासारखं, गुलाबी झालं.

"श्वास लागतोय का तुम्हाला?"

"जिना चढले ना." ती जिना चढलीच नव्हती. ती सकाळपासून पलंगाजवळ होती. "ठकूने दूध प्यायलं का हो?"

"प्यायली गं," बाप म्हणाला. "तिसऱ्यांदा विचारतेस."

"झोप नाही पोरीला," आजी म्हणाल्या. "एक रात्री उठवतो, दुसरी दिवसा. आम्हीही दोन बाळंतपणं काढली, आमचंही डोकं असंच फिरायचं."

"लघवीला कधी गेला होतात?" ताईने विचारलं.

ती विचार करू लागली. ते साधं उत्तर तिला सापडत नव्हतं. "सकाळी... नाही, सकाळी तर कपडे धुतले. काल बहुतेक."

"थंडी वाजली होती?"

"काल हुडहुडी भरली होती," उत्तर आजींनी दिलं. आणि ते देता देता त्यांचा आवाज थोडा खाली आला. "चादरीवर चादर घातली. मग म्हणाली, थांबली. पोटात दुखतंय म्हणत होती, पण मी म्हटलं, बाळंतिणीचं दुखतंच."

"पण ताप नाहीये तिला," बाप म्हणाला. "सकाळी ठकूचा बघताना हिचाही बघितला. उलट नेहमीपेक्षा कमीच होता."

"तो कमी होता तेच मला आवडलं नाही," ताई म्हणाली. मग ती त्या तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण ठकू घाबरणार नाही अशा बेताने बोलली. "हिच्या अंगात जंतू शिरलेत असं मला वाटतंय. शरीर त्यांच्याशी भांडता भांडता स्वतःचंच घर मोडायला लागलं, की त्याला सेप्सिस म्हणतात. आहे की नाही हे दवाखान्यात कळेल. पण घरी थांबून बघण्याची ही गोष्ट नाही. आपण आत्ता निघायचं."

"बोलावलं नातीसाठी," आजी म्हणाल्या, "आणि नेताय सुनेला?"

"दोघींना नेतेय, आजी. आणि तिसऱ्याला घेऊन तुम्ही चला."

ठकूची आई हसली. खरंच हसली, पाहुण्यांना उगाच त्रास झाला म्हणून हसतात तशी. "एवढं काही नाही हो. मी चालत येते खाली. आधी दोरीवरचे लंगोट तेवढे काढते, वाळून कडक झाले असतील." ती उठली, दोन पावलं चालली, आणि तिचे गुडघे दुमडले. बापाच्या हातातला ओला रुमाल पडला. त्याने तिला वरच्या वर धरलं.

काकांनी घडीची खुर्ची आणली. जिन्याच्या वळणावर ते म्हणाले, "वहिनी, हात आत. लंगोट मी येऊन काढतो, अगदी घड्या घालून." ती म्हणाली, "ठकूने दूध प्यायलं का?"

गाडीत ताईने तिला प्राणवायूचा मास्क लावला, सुई टोचून सलाईन सुरू केलं, पट्टा बांधला. पट्ट्याला जो दाब सापडला तो ऐकून तिने लगेच फोन कानाला लावला. "बाळंतीण आहे, आठवड्याची. हात गार, श्वास जोरात, नाडी पळतेय, दाब उतरलाय, बोलणं भरकटतंय, लघवी नाही. सेप्सिसची शंका आहे. हो, शंकाच म्हणतेय, पण दाराशी तयार राहा. सोबत तापाची एक छोटी मुलगीही आहे."

मला तिच्या बोटालाच ठेवलं होतं. पुढे काका गर्दीतून वाट काढत होते आणि शेजारी बापाच्या मांडीवर बसलेल्या ठकूला विचारत होते, "भोंगा आणखी मोठा करू?" ठकू म्हणत होती, "कर." मागे मी अंधारात कान लावून बसले होते. ये ना. आहेस ना तिथे? ये. एखादी थाप यायची, मी तिला धरायला जायची, ती हातातून निसटायची. मी खोटा आकडा दाखवू शकत नव्हते आणि खरा मला सापडत नव्हता. त्या दोन रेघा धरून राहणं, माझ्या आयुष्यातलं याहून अवघड काम मला आठवत नाही.

या वेळी बाक नव्हता. डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. रक्ताचा नमुना घेतला, आणि त्याच्या निकालासाठी न थांबता लगेच जंतूंवरचं औषध शिरेतून दिलं. एक सलाईन संपायच्या आत दुसरं लागलं. तिथल्या मोठ्या यंत्राची चकचकीत क्लिप दुसऱ्या हाताला लावली, तर तिनेही दोन रेघाच दाखवल्या. एवढ्या घाईतही मला जरा बरं वाटलं, हे लपवत नाही.

मला काढायचं सगळे विसरले. मी तिथेच राहिले, त्या बोटाला धरून. बाहेर आजी बाळाला घेऊन येरझारा घालत होत्या. "मी म्हटलं ना तिला, बाळंतिणीचं दुखतंच," असं त्या भिंतीला सांगत होत्या. बाप त्यांच्यामागून चालत होता. "आई, बस जरा," तो म्हणायचा, आणि स्वतः काही बसायचा नाही.

मग एक थाप आली. मी हललेही नाही. मागून दुसरी आली. मग तिसरी, थोडी धापा टाकत, पण ठामपणे. बोटाच्या टोकाला, अगदी दाराशी. मी रेघा पुसल्या आणि आकडा दाखवला.

तो फार चांगला आकडा नव्हता. पण ताईने तो बघितला आणि ती पहिल्यांदा खाली बसली.

"अजून धोका टळलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि तो खरंच लगेच टळला नाही. बरेच दिवस ती अतिदक्षता विभागात होती, मधे एकदा तब्येत पुन्हा घसरली. पण ती घरी गेली. काकांनी लंगोट काढून आणले होते. घड्या मात्र आजींनी उकलून परत घातल्या, कारण त्या वाकड्या होत्या.

पुढे एकदा ठकू आईचा हात धरून आमच्या गाडीपाशी आली, मगर बघायला. आई जिना चढून दमत होती अजून, दोन बोटांच्या टोकांना मुंग्या येतात म्हणत होती. ठकूने मला हुकूम सोडला, "आईला लाव." ताईने मला लावलं. बोट उबदार होतं. मी आकडा दाखवला.

"त्या दिवशी मी आधी बोट दिलं नसतं, तर?" आईने विचारलं.

 ताईने तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

आता मी म्हातारी झाले आहे. माझी स्प्रिंग सैल पडली आहे, सेलचं झाकण रबर लावून बसवलेलं आहे. ताई गाडीवर येणाऱ्या नव्या मुलामुलींना शिकवते आणि मी तिच्या टेबलाच्या खणात असते. ती त्यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावते, मग मला लावते. दोन रेघा येतात. "काय कराल?" ती विचारते. "सेल बदलू," दर वेळी कुणीतरी म्हणतंच. मग ती त्यांना एका शिंप्याची आणि एका आईची गोष्ट सांगते. शेवटी हेही सांगते, की गार बोटामागे कधीकधी नुसती थंडीच असते, आणि सेप्सिस झालेल्या माणसाचं बोट कधीकधी ऊनही लागतं, म्हणून मगरीचं ऐका, पण आधी माणसाकडे बघा.

मित्रांनो, मला जपा असं सांगायला मी हे बोलले नाही. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. मला वेगळीच काळजी लागून राहिली आहे. त्या घरात ठकूच्या तापाकडे चार माणसांचं लक्ष होतं, बाळाकडे होतं, माझ्या सेलकडेसुद्धा होतं. जी सगळ्यांचं बघत होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि तिचं स्वतःचंही लक्ष नव्हतं. असं एक माणूस प्रत्येक घरात असतं. ते "मला काय झालंय" म्हणतं आणि कामाला लागतं. आणि कधीतरी, फार क्वचित, ते "मला जरा पडू दे" म्हणतं.

आज तुमच्या घरात कुणी असं म्हणालं आहे का? बघा आठवून. म्हणालं असेल तर हे पुस्तक मिटा आणि त्या खोलीत जा. त्याचा हात हातात घ्या. काल काय जेवलात, असं काहीतरी साधं विचारा आणि उत्तर नीट ऐका. श्वास बघा. लघवीला कधी गेला होतात ते विचारायला लाजू नका. ताप नाही म्हणून परत फिरू नका. काही वेगळं वाटलं, तर मोठ्यांना हाताला धरून तिथे घेऊन या, आणि त्यांनी हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा. गाडी बोलवा म्हणावं, आणि गाडी आली की विचारा म्हणावं, हा सेप्सिस तर नाही ना?

मी इथेच आहे, खणात. मला काही तोवर चैन पडणार नाही. जा, आधी तो हात बघून या.